स्पार्क प्लग बदलायचे आहेत : साधे घ्यावे की इरिडियम? (सीएनजी गाडी, नाशिक)

सिडकोकर
नमस्कार मंडळी. तीन सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे, बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल सीएनजी किट. सीएनजीवर चढाला किंवा ओव्हरटेक करताना पाय दाबला की झटके देते. पेट्रोलवर टाकली की गुमान चालते. गॅरेजवाला म्हणतो प्लग बदला आणि इरिडियमच टाका. इथल्या द्वारका चौकात दुकानात विचारलं तर तीन प्रकार समोर आले, शंभर-सव्वाशेपासून सातशेपर्यंत. कोणता घ्यावा आणि का? बदलायची तयारी आहे, पाने आहेत.

जुना फिटर
धातू शेवटी ठरवा, आधी कोड बघा. गाडीच्या पुस्तकात प्लगचा नंबर छापलेला असतो, तो इथे टाका. आत्ता बसलेले प्लग काढून त्यांच्यावरचा नंबरही टाका. दोन्ही एकच असतील असं गृहीत धरू नका, मधल्या काळात कोणी काय बसवलंय सांगता येत नाही.

सिडकोकर
पुस्तकात एनजीके कंपनीचा बीकेआर६ई-११ दिलाय. प्लग उद्या काढतो. या अक्षरांचा अर्थ काय?

जुना फिटर
एनजीकेचा कोड डावीकडून वाचायचा. 'बीके' म्हणजे आटे १४ मिमी व्यासाचे आणि षटकोन १६ मिमीचा. 'आर' म्हणजे आत रेझिस्टर आहे. '६' हा हीट रेंज. 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. शेवटचे '११' म्हणजे गॅप, दोन इलेक्ट्रोडमधली फट, १.१ मिमी.

दुकानात 'हाच चालतो, सगळे नेतात' म्हणून बीसीपीआर६ईएस हातात देतात. आटे तेच, षटकोन तोच, हीट रेंज तोच. पण वरची उंची बीकेआरपेक्षा सुमारे अडीच मिमी जास्त असते. तारेच्या कॅपला हे खपून जातं. कॉइल (ठिणगीची उच्च दाबाची वीज देणारा भाग) थेट प्लगवर बसणाऱ्या गाडीत मात्र तिचा रबरी बूट नीट बसला नाही तर विजेची गळती सुरू होते. आणि बीपीआर६ईएस दिला तर परतच करा. त्याचा षटकोन २०.८ मिमीचा, प्लग ज्या खोल नळीत बसतो त्या अरुंद विहिरीत पानाच उतरणार नाही.

अंबड_टूलरूम
आट्यांच्या लांबीवर थोडं. १९ मिमीच्या हेडमध्ये (इंजिनचा वरचा भाग, प्लग यातच बसतो) १२.७ मिमीचा प्लग बसवला तर गाडी चालू होते, म्हणून लोकांना वाटतं जमलं. हेडमधले उघडे राहिलेले आटे काजळीने भरतात आणि पुढच्या वेळी योग्य प्लग घालताना तिथेच अडकतो, जोर लावला की आटे जातात. उलट केलं, म्हणजे आखूड हेडमध्ये लांब प्लग घातला, तर बाहेर आलेले आटे तापून लाल होतात आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटतं. पिस्टन वर येऊन आदळला तर विचारूच नका.

ऋता
सिडकोकर, हीट रेंज समजून घ्या, तुमच्या प्रश्नात तोच मुद्दा निघेल असं वाटतंय.

प्लगच्या टोकाचं तापमान साधारण ५०० ते ८०० अंश सेल्सिअसच्या मध्ये राहायला हवं. ४५० ते ५००च्या खाली काजळी जळत नाही, ती सिरॅमिकवर साचते आणि ठिणगी तिच्यावरून बॉडीत पळते. ८०० ते ८५०च्या वर टोक स्वतःच निखारा होतं आणि ठिणगीची वाट न बघता मिश्रण पेटवतं. आतलं सिरॅमिकचं नाक लांब असेल तर उष्णता बाहेर जायला वेळ लागतो, तो 'गरम' प्लग. नाक आखूड असेल तो 'थंड'. एका नंबरचा फरक म्हणजे टोकाला अंदाजे ७० ते १०० अंशांचा फरक.

गोंधळ नंबरांच्या दिशेचा आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड. बॉशमध्ये आकडा वाढला की गरम. एनजीकेचा ६ म्हणजे डेन्सोचा २० आणि बॉशचा ७. एनजीकेचा ५ म्हणजे डेन्सोचा १६ आणि बॉशचा ८. तुमच्या प्लगला डेन्सोत के२०पीआर-यू११ आणि बॉशमध्ये एफआर७डीसीएक्स जुळतो. शेवटचा 'एक्स' १.१ गॅपचा, तो नसेल तर गॅप मोजूनच घ्या. 'सहाला सहा मागितला' असं करून बॉशचा ६ आणलात तर एक पायरी थंड प्लग येईल.

मायकोसर्कल
बॉशचं इथलं जुनं नाव मायको, आमच्या इथे अजून 'मायकोचा प्लग दे' असंच मागतात. सातपूरच्या कारखान्यात मात्र डिझेलची नोझल होतात, प्लग नव्हे. असो, चालू द्या.

सिडकोकर
प्लग काढले. तिन्हींवर बीकेआर५ई-११ आहे! गॅप फीलर गेजने मोजला : १.३, १.४, १.३५. दोन प्लगांचं टोक पांढरट, बाजूचा इलेक्ट्रोड झिजून गोल झालेला. तिसऱ्याच्या टोकाचा रंग तसाच, पण आट्यांना आणि वरच्या पांढऱ्या सिरॅमिकला ओलं तेल. इंजिन तेल खातंय का?

जुना फिटर
तेल कुठून आलं ते तेल कुठे लागलंय त्यावरून कळतं. पिस्टन रिंग किंवा व्हॉल्व्ह सील गेले असते तर आतलं टोक तेलाने काळं आणि ओलं झालं असतं. तुमचं टोक कोरडं आहे, तेल वरून आलंय. टॅपेट कव्हरचं (इंजिनच्या वरच्या झाकणाचं) गास्केट किंवा प्लगच्या विहिरीभोवतीचं गोल सील कडक झालंय. तेल विहिरीत उतरतं, कॉइलचं रबर फुगतं आणि दाब वाढला की ठिणगी रबरातून बाहेरच्या बाहेर पळते. नुसता प्लग बदललात तर पंधरा दिवसांत झटके परत.

सिरॅमिकवर पत्र्याच्या कडेला तपकिरी वलय दिसेल, त्याला घाबरू नका. हवेतले तेलाचे कण उच्च दाबाच्या विजेने तिथे चिकटतात. प्लग लीक झाला म्हणून ग्राहकाला दाखवतात, पण ते तसं नाही. उभी काळी रेघ असेल तर मात्र ठिणगी बाहेरून उडाल्याची खूण. मग प्लग आणि बूट दोन्ही बदला.

ऋता
आणि ५ नंबर म्हणजे शिफारशीपेक्षा एक पायरी गरम प्लग. सीएनजी पेट्रोलसारखं द्रवरूपात येऊन बाष्प होताना आतली उष्णता शोषत नाही. त्यामुळे ज्वलनकक्ष तापलेला असतो, आणि कसाऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढताना गरम प्लगला ती उष्णता टाकायला वेळ मिळत नाही. पांढरट टोक त्याचंच लक्षण. सिरॅमिकवर फोड किंवा ॲल्युमिनियमचे बारीक चमकते ठिपके आहेत का बघा. असतील तर पिस्टनला इजा सुरू झाली आहे.

सिडकोकर
फोड किंवा ठिपके नाहीत. पण झटके फक्त सीएनजीवर का? प्लग तर दोन्हीकडे तोच.

ऋता
सीएनजीच्या मिश्रणातून ठिणगी उडवायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप १.१ वरून १.४ झाला की गरज आणखी वाढते, आणि ॲक्सिलरेटर दाबला की सिलिंडरमधला दाब वाढून ती अजून चढते. तिन्ही एकत्र आले की कॉइलची ताकद कमी पडते. पेट्रोलवर तेवढ्या गॅपमध्येही ठिणगी उडते, म्हणून दोष लपून राहतो. बहुतेक वेळा सीएनजी गाडीच्या दोषाची आधी खबर देतो आणि आपण किटवाल्याला शिव्या घालत बसतो.

पंचवटी मोटार
म्हणूनच बाहेरच्या किटला गॅप ०.८ ते ०.९ ठेवतात. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर हे करू नका, पुस्तकातला गॅप तिथे आधीच सीएनजी धरून दिलेला असतो.

सिडकोकर
मग '-११'चा प्लग आणून गॅप दाबून ०.८ करू?

अंबड_टूलरूम
गॅप बदलायची मर्यादा साधारण ०.२ मिमी. त्यापुढे बाजूचा इलेक्ट्रोड तिरपा होतो आणि ठिणगी एका कडेवरच पडते. १.१चा ०.९ करता येईल. त्यापेक्षा '-११' नसलेला साधा बीकेआर६ई मागा, तो मुळातच ०.८च्या आसपास येतो. आटे, लांबी, हीट रेंज सगळं तेच, वाकवावाकवी नको.

गॅप फक्त बाजूचा इलेक्ट्रोड वाकवून ठरवायचा. मधल्यावर पक्कड टेकवली की आतलं सिरॅमिक चिरतं, ते बाहेरून दिसतही नाही. मोजायला पातीचं फीलर गेज वापरा, पाती हलका अडसर देत सरकली पाहिजे. नाण्यासारखं गोल उतारवालं गेज असतं ते मधल्या इलेक्ट्रोडच्या कडेवर जोर देतं, बारीक टोकाच्या इरिडियमला तर ते दाखवूसुद्धा नये.

गंगापूररोड
सगळं ठीक, पण मूळ प्रश्न राहिलाच. साधा की इरिडियम? इरिडियमने पिकअप वाढतो ना?

ऋता
नवा साधा प्लग आणि नवा इरिडियम यांत ताकदीचा फरक पायाला जाणवत नाही. लोक १.४ गॅपचा झिजलेला निकेल, म्हणजे साधा प्लग, काढून इरिडियम टाकतात आणि श्रेय इरिडियमला देतात. नवा निकेल टाकला असता तरी गाडी तेवढीच खूश झाली असती.

खरा फरक झिजेचा. निकेल १४५५ अंशांना वितळतं, प्लॅटिनम १७६८ला, इरिडियम २४४६ला. म्हणून इरिडियमचं टोक बारीक ठेवता येतं. निकेलचं मधलं टोक अडीच मिमीच्या आसपास, एनजीकेचं इरिडियम ०.६ मिमी, डेन्सोच्या इरिडियम पॉवरचं ०.४. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजमध्ये उडते, म्हणजे कॉइलवरचा भार हलका होतो. सीएनजीत हा फायदा खरा आहे.

पंचवटी मोटार
हिशोब करू. बाहेरच्या किटवर निकेल २० हजार किमीला बदलावा. ६० हजारांत नऊ प्लग, १३० रुपयांनी ११७०. इरिडियमचे तीन, ६५० रुपयांनी १९५०. ते ६० हजार काढतील असं धरू. मजुरी धरली नाही तर निकेल स्वस्त. दर वेळी इनटेक काढावं लागणारं इंजिन असेल तर इरिडियम. तुमची विहीर वरून उघडी असेल आणि हाताने बदलणार असाल तर निकेल टाका. वर्षातून एकदा प्लग काढून बघायची सवय लागते, आत्ता विहिरीतलं तेल त्यामुळेच सापडलं ना!

जुना फिटर
याला माझा पाठिंबा. एक अपवाद : कंपनीनेच इरिडियम किंवा प्लॅटिनम दिलेल्या गाडीत पैसे वाचवायला निकेल घालायचा असेल तर बदलायची मुदतही निकेलचीच पाळायची. एक लाख किमीच्या भरवशावर निकेल ठेवला तर कॉइलचा खर्च येतो.

आणि रेझिस्टर नसलेला प्लग कुणी 'ठिणगी जाड पडते' म्हणून सुचवला तर ऐकू नका. ठिणगीच्या विद्युत गोंगाटाने ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि सेन्सर गोंधळतात. मल्टिमीटरने वरचं टोक ते मधला इलेक्ट्रोड मोजा, साधारण ५ किलोओहम दाखवायला हवं. अनंत दाखवलं तर प्लग बाद.

गंगापूररोड
डुप्लिकेट कसा ओळखायचा? बाजारात भरपूर आहेत म्हणे.

पंचवटी मोटार
डब्यावर जाऊ नका, डबा हुबेहूब छापतात. प्लग हातात घ्या. आट्यांवरची वायसर हाताने फिरवून निघून आली तर संशय घ्या, अस्सल प्लगला ती आट्यांत अडकलेली असते. मधला आणि बाजूचा इलेक्ट्रोड एका रेषेत हवेत. आटे गुळगुळीत, कडांना कुसळं नकोत. सिरॅमिकवरची छपाई नखाने निघता कामा नये. संचातल्या सगळ्या प्लगांचा गॅप मोजा, एक ०.८ आणि दुसरा १.० निघाला तर पुरा संच परत. बिल घ्या. बिल द्यायला टाळाटाळ करणाऱ्याकडून प्लग घेऊच नये, बल्ब घ्या हवं तर.

सिडकोकर
आता बसवण्याची पद्धत सांगा, टॉर्क रेंच नाही.

अंबड_टूलरूम
इंजिन पूर्ण थंड हवं. ॲल्युमिनियमचं हेड तापलेलं असताना प्लग खोलला तर आटे सोबत येतात. कॉइल काढायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा विहिरीत हवा मारा. आपल्याकडे उन्हाळ्याची धूळ आणि पावसाळ्याचा चिखल दोन्ही तिथे बसतात, प्लग निघाला की थेट सिलिंडरमध्ये पडतात. तुमच्या तिसऱ्या विहिरीतलं तेल आधी कापडाने किंवा सिरिंजने ओढून घ्या.

पाना १६ मिमीचा, आत रबर किंवा चुंबक असलेला. नवा प्लग विहिरीत टाकायचा नाही, गॅप दबतो. रबरी नळीच्या तुकड्यात वरचं टोक खुपसा, उतरवा आणि नळीनेच फिरवा. आटा तिरका धरला तर नळी घसरते, तुम्हाला कळतं. पान्याने सुरुवात केली तर तिरका प्लगसुद्धा मुकाट आत जातो आणि मग गेलेल्या आट्यांत तारेचे नवे आटे, म्हणजे हेलिकॉइल, बसवायला फिरा.

हाताने वायसर टेकेपर्यंत न्या, मग १४ मिमीच्या नव्या प्लगला पान्याने अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा. तोच काढलेला प्लग परत बसवत असाल तर वायसर दबलेली असते, फेऱ्याचा बारावा भाग पुरे. रेंच मिळाला तर २५ ते ३० न्यूटनमीटर. सैल राहिला तर उष्णता हेडकडे जात नाही आणि योग्य हीट रेंजचा प्लगसुद्धा जळतो. लोकांना फक्त जास्त आवळण्याची भीती असते, सैल प्लगही तेवढाच वाईट.

गंगापूररोड
आट्यांना ग्रीस लावतात ना?

अंबड_टूलरूम
आट्यांना काहीही लावू नका, प्लेटिंग त्यासाठीच असतं. वंगण लावून तोच टॉर्क दिला की प्लग प्रत्यक्षात जास्त ताणला जातो. ग्रीस लावायचं ते कॉइलच्या रबराच्या आत, सिलिकॉनचं डायलेक्ट्रिक (वीज वाहू न देणारं), मुगाएवढं.

पल्सरप्रेमी
मधे घुसतो. पल्सर डीटीएस-आय मोटरसायकलला प्लग किती बदलायचे? मेकॅनिकने एकच बदलला.

जुना फिटर
डीटीएस-आयला एका सिलिंडरला दोन प्लग, दोन्ही बदला. पल्सर एनएस २००ला तीन. हाताशी येणारा बदलतात, आडबाजूचा तसाच राहतो आणि मग गाडी अर्ध्याच ठिणगीवर पळते. १० मिमी व्यासाच्या आट्यांचा प्लग असेल तर टॉर्क १० ते १२ न्यूटनमीटर, कारच्या अंदाजाने आवळाल तर आटे हातात येतील.

निफाडचा बागायतदार
पाठीवरच्या टू स्ट्रोक पेट्रोल फवारणी पंपाचा प्लग दर दोन टाक्यांना काळा ओला होतो. गरम प्लग टाकू का?

पंचवटी मोटार
आधी ऑइलचं प्रमाण मोजा दादा. पंपाच्या पुस्तकात जे असेल तेच, डोळ्याच्या मापाने नको. मग एअर फिल्टरचा फोम धुवा, फवारणीच्या धुक्याने तो चिकट होतो आणि मिश्रण घट्ट होतं, म्हणजे हवा कमी आणि इंधन जास्त. चोक अर्धा राहतोय का बघा. हे सगळं ठीक असूनही काळा झाला तरच एक पायरी गरम प्लग. या इंजिनांना बहुतेक वेळा साडेनऊ मिमी लांबीच्या आट्यांचा आखूड प्लग लागतो, बीपीएमआर७एच्या जातीचा. मोटरसायकलचा उरलेला लावायचा मोह नको, पिस्टनला लागेल. आणि हंगाम संपला की टाकी व कार्बोरेटर रिकामे करा, इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी ओढून घेतं.

मायकोसर्कल
लोखंडी ब्रशने घासून वापरायचा का जुना?

ऋता
लोखंडी तारेने सिरॅमिकवर धातूच्या रेघा उमटतात, ठिणगी त्याच रस्त्याने पळते. निकेलला मऊ पितळी ब्रश, तोही फक्त आट्यांना आणि कडेला. इरिडियमच्या टोकाला ब्रश लावूच नका. गॅरेजमधलं वाळू मारायचं मशीनही नको, नाकाच्या खाचेत अडकलेली वाळू सिलिंडरमध्ये जाते.

सिडकोकर
यादी अशी केली : बीकेआर६ई तीन नग, टॅपेट कव्हर गास्केट, विहिरीची तीन सील. आणखी काही? चेक इंजिन लाइटही अधूनमधून लुकलुकतो, स्कॅनरवर पी०३०३ आला.

जुना फिटर
पी०३०३ म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचं मिसिंग (मिश्रण न पेटणं), तेलाची विहीरही तीच. लाइट लुकलुकत असताना गाडी दामटू नका, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो वितळतो. यादीत तिसऱ्या कॉइलचा रबरी बूट घाला, तेलाने फुगलेलं रबर पुसून सुधारत नाही. बूट सुटा मिळत नसेल तर कॉइल.

क्रम असा ठेवा : आधी गास्केट आणि सील, मग प्लग, मग बूट. एवढं करून पी०३०३ परत आला तर तिसरी आणि पहिली कॉइल अदलाबदल करा. कोड पी०३०१ झाला तर कॉइल गेली. तिसऱ्यावरच राहिला तर सीएनजी इंजेक्टर आणि कॉम्प्रेशन बघायचं. चालू इंजिनवर कॉइल उपटून 'कुठला सिलिंडर मेला' शोधायची जुनी पद्धत तारेच्या कार्बोरेटर गाड्यांची होती, इथे ईसीयूचं ड्रायव्हर जाऊ शकतं.

पंचवटी मोटार
प्लग बदलल्यावर किटवाल्याकडून सीएनजीचा मॅप (गॅस किती सोडायचा याचं सेटिंग) एकदा तपासून घ्या. जुना मॅप मिसिंग होत असताना जुळवलेला असेल तर मिश्रण घट्ट लावलेलं असू शकतं. आणि वॉशिंग सेंटरला इंजिनवर प्रेशरचं पाणी मारू देऊ नका, नवी सील असली तरी विहिरीत पाणी उतरतं.

सिडकोकर
बूट यादीत घातला. शनिवारी द्वारकेला जातो, फीलर गेज खिशात घेऊनच.